अमेरिकेनं आपल्या लोकांना बेड्या घालून परत पाठवलं की आपल्याला राग येतो, आणि इथे मात्र आपण ‘घुसखोर हाकला’ म्हणतो. हा दुटप्पीपणा नाही का? आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा का?

दुटप्पीपणा आहे, पण तुम्ही म्हणता त्या जागी नाही. परत पाठवण्यात काही वावगं नाही. आपल्या घरी कोण राहील हे ठरवायचा हक्क अमेरिकेला आहे तसा आपल्यालाही आहे. घोळ होतो तो त्याच्या आधी, ‘हा बाहेरचा’ असं ठरवताना.

मी वकील नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात सेतू केंद्र चालवतो. सकाळी शटर उघडल्यापासून लोकांचे कागद बघणं हाच धंदा. म्हणून कागदाच्या बाजूनंच सांगतो.

कुठल्याही देशाची सीमा आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरी सीमा ओलांडून आलेली चार प्रकारची माणसं मला माझ्या भागातच दाखवता येतात, आणि चौघांना चार वेगळे कायदे लागतात.

पहिला गुरखा. रात्री शिटी मारत, काठी आपटत बाजारातून फिरतो आणि महिना संपला की दुकानादुकानातून वीस-तीस रुपये गोळा करतो. तो नेपाळचा. त्याला ना व्हिसा लागतो ना मुदत. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारानं दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, धंदा करायची, मालमत्ता घ्यायची मोकळीक दिली आहे. त्याला कुणी ‘घुसखोर’ म्हणाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

दुसरे प्रतापगडजवळचे तिबेटी. नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ साली वसली, तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता, सगळं भंडाऱ्यात होतं. आमच्याकडे नुसतं ‘तिबेट कॅम्प’ म्हणतात. ही माणसं शेती करतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. भारतानं १९५१ चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार कधी सह्या करून मानला नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून कागदावर हे ‘परदेशी’. नोंदणी प्रमाणपत्र काढायचं, मुदत संपली की नूतनीकरण करायचं. त्यांच्यातला जो २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मला तो मात्र जन्मानंच भारतीय, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. म्हणजे एकाच घरात जून ८७ मध्ये झालेला मोठा भाऊ भारतीय आणि ८९ मध्ये झालेला धाकटा परदेशी, असं होऊ शकतं. दोघांची आई तीच, धानाची बांधीही तीच.

तिसरे बंगाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना सरकारनं स्वतः आणून गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे वसवलं. आमच्या तालुक्यातही त्यांची गावं आहेत. मासे पाळावे तर त्यांनी, धानाचं दुसरं पीक घ्यावं तर त्यांनी. बहुतेकांना नागरिकत्व मिळालं. पण त्यांच्यातले नमःशूद्र पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात नाहीत, त्यामुळे देश मिळाला तरी जातीच्या दाखल्याला ते अजून वणवण करतात.

चौथा तो, ज्याच्याबद्दल तुम्ही विचारताय. तोही त्याच बाजूनं आला, तीच भाषा बोलतो, पण उशिरा आला आणि आपला आपण आला. तो गुन्हेगार. १९४६ चा विदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे तीन कायदे मोडीत काढून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला. पासपोर्टशिवाय शिरला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटे कागद वापरले तर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त सात. आणि याच चौथ्यांमध्येही पुन्हा फाटे आहेत. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत बांगलादेश, पाकिस्तान किंवा अफगाणिस्तानातून आलेला हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन असेल तर त्याला नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं (सीएए) नागरिकत्वाचा रस्ता आहे. मुसलमान असेल तर नाही. छळ झालेल्यांना आसरा द्यावा हे मला पूर्ण पटतं. छळ झाला की नाही हे धर्म बघून आधीच ठरवणं पटत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, माझ्या सख्ख्या साळ्यालाही वेगळं वाटतं.

कायदे वेगळे का, याचं उत्तर यातच आहे. एकाच देशात चार शेजाऱ्यांसाठी चार नियम असतील, तर जगात दोनशे असणारच. मैत्री, लढाई, मजुरांची गरज, मतं, यातून ते बनतात. तारखा कशा ठरतात हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. जात पडताळणीची फाईल एकदा केली की कळतं. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा दाखव, तर तू इथला. आजोबांचा दाखल-खारिज, कोतवाल पंजी, जुना पी-वन, अशा जुन्या सरकारी नोंदींतलं जे सापडेल ते आण. नागरिकत्वाचंही असंच आहे, फक्त हरलात तर दाखला नाही, देश जातो.

दाखल्यावरून आठवलं, इथं जरा थांबतो. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात बदल झाला. एक वर्षापेक्षा उशिरा जन्म नोंदवायचा असेल तर आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागायचं, आता ते काम महसूल अधिकाऱ्यांकडे आलं. लोकांना बरं झालं, अर्ज वाढले. मग आरोप झाला की अमरावती, अकोला, मालेगाव या भागांत बांगलादेशींना असे दाखले वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं उशिराचे दाखले थांबवले, चौकशीला एसआयटी (विशेष तपास पथक) बसवली, आणि मार्चमध्ये नवे कडक नियम आले. खोटे दाखले देणारा-घेणारा सापडला तर त्याला सोडू नये, याबद्दल माझं दुमत नाही.

पण त्या दोन महिन्यांत माझ्या टेबलासमोर कोण बसलं होतं ते सांगतो. नाथजोगी समाजाची एक म्हातारी, नातवाला घेऊन. पोरगा पालात झालेला, दवाखाना नाही, ग्रामपंचायतीत नोंद नाही. मी विचारलं, “मावशी, जन्म कोणत्या गावी झाला?” ती म्हणाली, “कोन्या गावच्या शिवारात पाल होतं हे कोनाले याद रायते, बापू? पानी पडत होता, एवढं आठवते.” नोंद नसल्याचा दाखला आणायचा तर ग्रामपंचायत कोणती तेच ठाऊक नाही. आधार होतं तिच्याकडे, ते मला दोनदा काढून दाखवलं. आता तिला कसं सांगू, की आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलंय? १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते निघतं.

परदेशी नागरिकांच्या कायद्यात एक उलटी गोष्ट आहे. चोरीच्या खटल्यात पोलिसांनी सिद्ध करायचं असतं. इथे ‘मी परदेशी नाही’ हे ज्याच्यावर बोट ठेवलं त्यानं सिद्ध करायचं. जुन्या कायद्यात असंच होतं, नव्यातही तसंच ठेवलंय. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हाती काही आधार नसताना वाटेल त्याला उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येत नाही. आसामच्या ज्या माणसाच्या खटल्यात हे सांगितलं तो निकालाच्या आधीच वारला होता. आसामात ऑगस्ट २०१९ च्या नागरिकांच्या यादीतून (एनआरसी) १९ लाखांवर लोक बाहेर राहिले. आणि जून २०२५ मध्ये मुंबईकडे कामाला असलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीयच निघाले, परत आणावे लागले. बंगाली बोलतो आणि गरीब आहे, एवढाच काय तो पुरावा. मुलचेऱ्याचा एखादा पोरगा पुण्याला सेंट्रिंगच्या कामाला गेला तर त्यानं रेल्वेत कोणत्या भाषेत फोनवर बोलावं, हा आमच्याकडे आता थट्टेचा विषय राहिलेला नाही.

आता अमेरिका. तिथला घोळ लोक वेगळाच समजतात. चोरून सीमा ओलांडणं हा तिथे पहिल्या वेळी छोटा गुन्हा, कमाल सहा महिने. व्हिसा घेऊन रीतसर गेला आणि मुदतीनंतर राहिला, तर तो फौजदारी गुन्हाच नाही, दिवाणी स्वरूपाचा नियमभंग. अर्थात हाकलतात तरी. आपल्या नव्या कायद्यात मुदतीनंतर राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुबईला गेलात तर त्याच चुकीला दिवसाला ५० दिऱ्हाम दंड. एकच चूक, एका देशात दिवाणी, दुसऱ्यात तुरुंग, तिसऱ्यात मीटर.

दुबईचा मीटर मला पाठ आहे, कारण तो माझ्या भाच्याच्या नावावर चालू होता.

ताईचा पोरगा नववी नापास. इकडे रोवणी संपली की मिरची तोडायला तेलंगणात जायचा, आमच्याकडचे खूप जातात. नागपूरच्या एका एजंटनं सव्वा लाख घेतले आणि दुबईला सेंट्रिंगचं काम लावून देतो म्हणाला. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे ‘जाण्याआधी तपासणी हवी’ अशी नोंद. अशा माणसाला आखाती देशांत कामाला जायचं तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारची मंजुरी लागते, करार बघितला जातो, विमा काढावा लागतो. नोंदणीकृत एजंटला फी घेता येते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. हे सगळं मला, सेतूवाल्याला, माहीत असायला हवं होतं. नव्हतं. एजंटनं त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवलं, म्हणजे मंजुरीची भानगडच नाही. ‘तिकडे गेल्यावर कामाचा व्हिसा करून घेऊ’ म्हणाला. तिकडे मुकादमानं पासपोर्ट काढून घेतला, तीन महिने पगार दिला, मग द्यायचा तेव्हा दिला. चौदा महिने पोरगा बिनव्हिसाचा राहिला. दिवसाला ५० नं हिशोब करा, २१,००० दिऱ्हामच्या आसपास जातो. ताईची अख्खी शेती विकली असती तरी जमलं नसतं.

सुटला तो तिथल्या सरकारमुळे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये यूएईनं माफी जाहीर केली होती, दंड नाही, परत यायला बंदी नाही. आपल्या वकिलातीनं घरी येण्यापुरता कागद दिला आणि नोव्हेंबरात पोरगा गोंदिया स्टेशनवर उतरला. गाडीत मला म्हणाला, “मामाजी, चोरी तं नाई केली जी मी. कामच केलं.”

गावात सगळे म्हणाले, पोरगा फसला बिचारा. एकानंही त्याला घुसखोर म्हटलं नाही. मीही नाही. तुमच्या प्रश्नातला दुटप्पीपणा मला सापडला तो तिथे. कारण कायद्याच्या भाषेत माझा भाचा दुबईत नेमका तोच होता, जो इथे बांगलादेशचा गवंडी असतो. त्यालाही तिकडच्या कुणीतरी पैसे घेऊन आणलेलं असतं, इथल्या कुणा ठेकेदारानं अर्ध्या मजुरीत ठेवलेलं असतं, आणि धाड पडते तेव्हा पेपरात फोटो त्याचाच येतो. आणणारा आणि राबवून घेणारा त्या फोटोत नसतात.

बेड्यांचं विचारलंत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ भारतीय होते, त्यातले तिघे महाराष्ट्राचे. हातात बेड्या, पायांत साखळ्या. राग यायलाच हवा, मलाही आला. त्यांना परत पाठवलं म्हणून नाही, गुरासारखं बांधलं म्हणून. तोच राग आपण ज्याला पाठवतो त्याच्यासाठी पण यायला पाहिजे. त्याला आधी कागद दाखवायला वेळ द्या, वकील द्या, समोरच्या देशाकडून तो त्यांचाच आहे याची खात्री करून घ्या, आणि मग खुशाल पाठवा. याला वेळ लागतो हे कबूल. जात पडताळणीलाही वर्षं लागतात, तेव्हा तर आपण घाईनं कुणाला नदीपलीकडे ढकलत नाही.

तुमच्या घरातलं कुणी बाहेर जाणार असेल तर एवढं करा. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघा. ३०,००० आणि जीएसटीच्या वर मागितले की उठा. ‘आधी व्हिजिटवर जा’ म्हणाला की चहा अर्धा ठेवून उठा. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स घरी ठेवा. भाच्याच्या पासपोर्टची आमच्याकडे नव्हती, वकिलातीनं नंबर विचारला तेव्हा ताईनं मला फोन केला आणि मी आमच्याच केंद्रातल्या जुन्या पावत्यांच्या पेटीत रात्री अकरापर्यंत शोधत होतो. पॅनकार्ड काढताना जोडलेली एक पुसट प्रत सापडली.

म्हातारीच्या नातवाचं काम अजून झालेलं नाही. एका शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याच्या आजोबांचं नाव मिळेल असं कळलंय, शाळा लाखांदूरकडे आहे. पुढच्या आठवड्यात जाऊन येतो.