यूकेत नर्सिंगमध्ये मुलगे लवकर वर जातात का?

बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, वर्गातला मित्र आणि तू दोघं यूकेला यायचं म्हणताय, आणि तुझा प्रश्न असा की तिकडे मुलांना प्रमोशन लवकर मिळतं हे खरं का. हो गं, बऱ्याच अंशी खरंय. इथल्या नर्सच्या रजिस्टरवर शंभरात साधारण अकरा पुरुष, पण बँड ७, ८ च्या (बँड म्हणजे पगाराची श्रेणी, आकडा मोठा तितकं पद वरचं) मीटिंगला बसलीस की ते त्या मानाने जास्तच दिसतात.

सुरुवात आपल्याकडेच होते बघ. मुलाला कॅज्युअल्टी, ओटी, आयसीयू आणि मुलीला पोस्टनेटल नाहीतर लेबर रूम. इकडे तू अ‍ॅडल्ट नर्स म्हणून रजिस्टर होणार, मिडवाइफचं, म्हणजे बाळंतपण करणाऱ्यांचं, रजिस्ट्रेशन वेगळं, त्यामुळं लेबर रूमच्या अनुभवाला अर्जात फार वजन नाही. निघायच्या आधी मेडिकल-सर्जिकल नाहीतर आयसीयूची ड्युटी मागून घे, मेट्रन नाही म्हणाल्या तरी परत माग. मित्राची घाई मात्र समजते, २०१९ ला एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना ठेवायचं ठरलं, मग मुलं बाहेरचंच बघणार.

सुरुवातीच्या बँड ५ ला सगळ्यांना सारखाच पगार. फरक पडतो बँड ६ ला. आमच्या वॉर्डात जागा निघाली, जाहिरातीत इसेन्शियल (हवंच) आणि डिझायरेबल (असेल तर बरं) असे दोन रकाने असतात, केरळचा एक मुलगा त्यात लिहिलेला कोर्स अर्धवट असतानाच फॉर्म भरून मोकळा झाला आणि त्याला ज्यांनी कॅन्युला घालायला शिकवलं त्या दोघी कोर्स पूर्ण झाल्यावर भरू म्हणत थांबल्या. कोर्स डिझायरेबलमध्ये होता! जागा त्याला मिळाली, मुलगा चांगलाच आहे, पण त्या दोघींचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे बाळ. मॅटर्निटी लीव्ह वर्षभर घेता येते, इन्क्रिमेंटही थांबत नाही, पण परत आल्यावर नर्सरीची फी बघून बाई पार्ट टाइम नाहीतर नुसत्या नाइट धरते, आणि रात्री तिने एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळला तरी मॅनेजर सकाळी येणार, तिला काय दिसणार? नवऱ्याला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येते, म्हणून मुलाला कोण बघणार हे लग्न ठरतानाच स्पष्ट बोलून घे, लाजू नकोस. आणि पहिल्याच अप्रेझलला, म्हणजे कामाच्या आढाव्याला, मला बँड सिक्स व्हायचंय असं तोंडाने सांग, इथं न सांगता कुणी विचारत नाही.

ओईटी, म्हणजे इथल्या रजिस्ट्रेशनसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिलीस का? रायटिंगला सी प्लस चालतो, बाकी तिन्हीत बी लागतो.