घरात व्हीलचेअर नाही, तरी "वापरता आली असती" म्हणे

लेस्टरच्या ताई, तुमच्या मिस्टरांना संधिवात, गुडघेही गेलेत आणि बोटंही, आणि युनिव्हर्सल क्रेडिटच्या (ब्रिटनमधला सरकारी भत्ता) वर्क कॅपॅबिलिटीत, म्हणजे काम जमतं का बघणाऱ्या तपासणीत, चालण्याला मिळाले शून्य पॉइंट, कारण "मॅन्युअल व्हीलचेअरने २०० मीटरपेक्षा जास्त जाऊ शकतात". तुम्ही विचारताय, आमच्याकडे व्हीलचेअर नाहीच, कोणी कधी घ्या पण म्हटलं नाही, मग हे चालतं कसं? हाच प्रश्न मला सारखा येतो.

चालतं. नियमात काठी, मॅन्युअल व्हीलचेअर किंवा दुसरं साधन "नेहमी वापरलं जातं किंवा वाजवीपणे वापरता येईल" असे शब्द आहेत, म्हणजे नसलेली व्हीलचेअरसुद्धा निर्णय देणारे अधिकारी हिशेबात धरू शकतात. त्यामुळे "आमच्याकडे नाही" एवढंच धरून बसलात तर केस गेली समजा.

सगळं त्या "वाजवीपणे" वर आहे, आणि त्याच्या आधी अजून एक अट आहे जी कोणी वाचतच नाही: दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय. तुम्ही मागून ढकलणार ते मोजायचंच नाही, चाकाची रिंग त्यांनी स्वतः धरून ढकलायची. म्हणजे हा प्रश्न पायांचा राहिलाच नाही, हातांचा आणि खांद्यांचा झाला. आणि तुम्ही फॉर्मवर काय लिहिलंत? गुडघ्यांवर पानभर, आणि हातांच्या जागी "हातही दुखतात". अहो ताई, दोन शब्द!

नशीब म्हणा, त्याच निर्णयात खाली त्यांनीच ९ पॉइंट दिलेत, एक लिटरचा भरलेला कार्टन उचलून हलवता येत नाही म्हणून. आता मला सांगा, ज्याला दुधाचा कार्टन उचलवत नाही तो माणूस स्वतःच्या वजनासकट खुर्ची कशी ढकलणार? मँडेटरी रिकन्सिडरेशनमध्ये, म्हणजे निर्णय पुन्हा तपासा असा अर्ज असतो त्यात, हे पहिल्या ओळीत लिहा, दुसऱ्या पानावर नको. मग बोटं रिंगवर आवळता येतात का, सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, थोडं ढकललं की थांबावं लागतं का, आणि थांबल्यावर तेवढंच अंतर परत जमतं का. हे "परत जमतं का" नियमातच आहे. रूमॅटॉलॉजीकडून पत्र मागताना "पेशंटला आर्थ्रायटिस आहे" असलं नको, ते कोणी नाकारलेलंच नाही, "स्वतः व्हीलचेअर ढकलणं सुरक्षित आहे का" हा थेट प्रश्न विचारून उत्तर घ्या.

भांडायचं ते ५० मीटरवर. कार्टनचे ९ आणि २०० मीटरच्या आत असल्याचे ६ मिळून लागणारे १५ होतील आणि तुम्ही जिंकलो म्हणाल, पण एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या क्लेमला नुसत्या त्या १५ वर जादा पैसे साधारणपणे मिळत नाहीत. पैसे आहेत वरच्या गटात, म्हणजे ज्यांना कामाची तयारीही करायला लावत नाहीत त्यांच्यात, आणि चालण्यावरून तिथे जायचं तर ५० मीटर सुद्धा जमत नाही हे दाखवावं लागतं.

दुसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही, हे जरूर लिहा पण त्यावर विसंबू नका, कायदा सपाट जमिनीचं विचारतो आणि घराच्या अडचणी कोण किती मानेल हे मी छातीठोक सांगणार नाही. आणि मैत्रीण म्हणाली "व्हीलचेअर मोजतच नाहीत" ते पीआयपी, म्हणजे अपंगत्वाच्या वेगळ्या भत्त्याबद्दल खरं आहे, तिथे उभं राहून किती जाता येतं ते बघतात, २० मीटरच्या आत असेल तर वरचा दर. तो वेगळा क्लेम, केला नसेल तर करा, पण ते वाक्य इकडे चिकटवू नका.

आता ज्याच्यामुळे मला खरंच चिडायला होतंय ते. रिकन्सिडरेशनच्या अर्जाची मुदत एक महिन्याची होती, निर्णयाच्या तारखेपासून, आणि पत्र पाच आठवडे तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून. उशिरा अर्ज १३ महिन्यांपर्यंत घेता येतो पण कारण पटलं तरच, आणि "पाहुणे आले होते" हे कारण नाही. मधले दहा दिवस मिस्टर हॉस्पिटलमध्ये होते ना? तेच खरं कारण, तारखांसकट लिहा, डिस्चार्जचा कागद जोडा. डॉक्टरांच्या पत्रासाठी थांबू नका, आज रात्री युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये अर्ज टाका आणि पुरावा मागाहून पाठवतो म्हणा. त्यांनी नाही म्हटलं की ट्रायब्युनलला, म्हणजे अपिलाच्या कोर्टाला, पुन्हा एकच महिना, तिथे तारीख मिळायला बरेच महिने जातात, पण जज्जच्या शेजारी डॉक्टर बसलेला असतो आणि ते हात त्याला दिसतात.