नवा रंधा लाकूड ओरबाडतोय: परत करू की घासून सरळ करू?

तळ घासायला अजिबात घेऊ नका, निदान आत्ता तरी. तळाला एकदा पॉलिश पेपर लागला की दुकानदार म्हणणार, ‘तुम्हीच बिघडवला.’

आधी खरंच दोष आहे का ते बघा. नव्या लोखंडी रंध्याचं पातं बहुतेक वेळा कामाला लागेल इतकं धारदार नसतंच. धार लावून घेणं आपलंच काम, आणि पात्याला धार लावल्याने सहसा कोणी तक्रार नाकारत नाही. पात्यावर बसवलेला लोखंडी पट्टा काढून पातं आणि पट्टा एकमेकांवर दाबा आणि उजेडाकडे धरा. मधून फट दिसली तर भुसा तिथेच अडकणार. ती फट पट्ट्याची कड थोडी घासली की जाते.

आता तळ. पातं आत ओढून घ्या, पण पातं दाबून धरणारा स्क्रू कसलेलाच ठेवा, कारण त्या ताणाने तळ किंचित वाकतो. स्टीलची पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून मागून टॉर्च मारा. टोक, तोंडाची (पातं बाहेर येतं त्या फटीची) पुढची कड आणि शेपूट पट्टीला टेकत असतील तर मधल्या केसभर खोलीने काही बिघडत नाही. मात्र तळाला पीळ असेल, ओतीव भागात तडा असेल किंवा पात्याची बैठक डुगडुगत असेल, तर सरळ परत करा. पीळ हाताने काढायचा म्हणजे अख्खा रविवार जातो (माझा गेलाय) आणि तरी मनासारखं होत नाही.

पट्टीखालून येणाऱ्या उजेडाचा फोटो काढून बिलासोबत दुकानदाराला लेखी तक्रार पाठवा. खोकं टाकू नका.