गाडी मिळते हो, पुढची मिळत नाही

(वाचकांना आमचे प्रश्न. यावेळी विचारलं होतं: तुमच्या शहरात तुम्ही कसे फिरता, आणि परदेशात कुठे फिरायचं स्वप्न आहे? उत्तरं देतेय डोंबिवलीची, सिव्हिल इंजिनीअरिंग शिकणारी एक वाचक.)

रोज कॉलेजला कशी जातेस?

घरून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, मग घाटकोपरपर्यंत फास्ट, तिथून मेट्रो वनने अंधेरी आणि अंधेरीला उतरून बस, बस नाही दिसली तर परत रिक्षा. म्हणजे एकाच प्रवासात रिक्षावाल्याला सुट्टे, लोकलचा पास (त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसमधून कन्सेशनचा फॉर्म मिळवणं हा एक वेगळाच विषय आहे), मेट्रोचं कार्ड आणि कंडक्टरसाठी पुन्हा सुट्टे. बॅगेचा पुढचा कप्पा फक्त यासाठीच आहे.

गर्दीचा त्रास होत नाही?

होतो की. पण त्यावर इतकं लिहून झालंय की मी काय नवीन सांगणार. उलट लेडीज डब्यात जी सीटची सिस्टिम आहे ना, ती मला भारी वाटते. आत शिरल्या शिरल्या बसलेल्या प्रत्येकीला विचारायचं, "कुठे उतरणार?" कोणी "ठाणा" म्हणाली की तिच्यासमोर उभं राहायचं, पण तेवढ्यात मागून आवाज येतो, "ती सीट मी सांगितलीये हां, तुम्ही माझ्यानंतर." म्हणजे एका सीटला नंबर लागलेले असतात, कुठे लिहिलेलं नसतं तरी सगळ्यांना पाठ असतं, आणि विंडोवाली उठली की फोर्थ सीटवाली (तिघींच्या बाकावर कडेला टेकलेली चौथी) आत सरकते आणि नवीन आलेली फोर्थला टेकते. भांडणं होतात, नाही असं नाही, पण एवढ्या गर्दीत हे रोजच्या रोज चालतं, तेही कोणी न शिकवता.

मग सगळ्यात जास्त चिडचिड कशाची होते?

जोडणीची. मुंबईत गाड्या कमी आहेत असं मला खरंच वाटत नाही, पण एका गाडीचा दुसरीला पत्ता नसतो. संध्याकाळी मेट्रो बरोबर वेळेत घाटकोपरला सोडते, मी पुलावरून पळत येते आणि इंडिकेटर बघेपर्यंत खालून माझी फास्ट निघून जाते. ती सुटली की पुढची ठाण्यापर्यंतचीच, त्यात मी चढून काय करू, म्हणजे अजून एक सोडायची. आणि शेवटी डोंबिवलीला उतरून बाहेर यावं तर बस नुकतीच गेलेली, कारण ती तिच्या वेळेला निघते, गाडीतून दोन हजार माणसं उतरतायत याच्याशी तिला काही घेणंदेणं नसतं.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई वन अ‍ॅप आलं, त्यात लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, आजूबाजूच्या महापालिकांच्या बस, सगळ्यांची तिकिटं एका ठिकाणी निघतात. चांगलंच आहे, मी नाव ठेवणार नाही. पण तिकिटं एका मोबाईलमध्ये आली म्हणून वेळापत्रकं एकमेकांशी बोलायला लागली असं नाही ना होत.

परदेशात जायची संधी मिळाली तर कुठे?

स्वित्झर्लंड. थांबा, बर्फात शिफॉनची साडी नेसून फिरायचं नाहीये मला. माझी मावशी टूरवाल्यांबरोबर जाऊन आलीये, तिच्याकडे युंगफ्राउच्या बर्फाळ डोंगरावरचे ढीगभर फोटो आहेत आणि स्टेशनचा एकही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला झुरिकच्या स्टेशनवर उभं राहून वेळापत्रक बघायचंय. हसू नका. १९८२ साली त्यांनी सगळ्या देशात असं केलं की प्रत्येक गाडी दर तासाला त्याच मिनिटाला येणार, म्हणजे तुमची गाडी ७ वाजून २ मिनिटांची असेल तर ८:०२, ९:०२, पाठ करायलाही सोपं. आणि खरी गंमत मोठ्या स्टेशनांवर आहे, तिथे तास पूर्ण व्हायच्या जरा आधी चारी दिशांच्या गाड्या येऊन उभ्या राहतात, लोक या प्लॅटफॉर्मवरून त्या प्लॅटफॉर्मवर जातात आणि तास उलटला की सगळ्या एकामागून एक निघतात. छोट्या गावात उतरलात तर बाहेर पोस्टाची पिवळी बस उभी असते, गाडीतल्या लोकांना घेऊनच ती सुटते. ट्रान्सपोर्टेशनच्या लेक्चरला सरांनी याची एक स्लाइड दाखवली होती, अर्ध्या वर्गाने फोटोसुद्धा काढला नाही, मी मात्र घरी येऊन रात्रभर तेच वाचत बसले.

अजून एक सांगते. हे सगळं अजून पक्कं करायला 'रेल्वे २०००' नावाची योजना आली, तिच्यावर १९८७ मध्ये लोकांनी मतदान केलं आणि हो म्हणाले. त्यातलं तत्त्व असं की गाडी जमेल तितकी फास्ट पळवायची नाही, लागेल तितकीच पळवायची. बर्न ते झुरिक तासाच्या आत पोचली पाहिजे म्हणजे दोन्हीकडच्या जोडगाड्या मिळतात, त्यासाठी २००४ मध्ये मधे नवीन लाइन टाकली आणि वेळ ५६ मिनिटांवर आणला. अजून कमी करण्यात अर्थच नव्हता, पोचून नुसतं उभं राहावं लागलं असतं. आपल्याकडे गाडीचा वेग तासाला किती किलोमीटर हे आधी छापून येतं, उतरल्यावर पुढे काय हे कोणी विचारतच नाही.

आणि ते आपल्या खूप पुढे होते असंही नाही. त्यांची देशातली पहिली रेल्वे १८४७ ची, झुरिक ते बाडेन (तिचं टोपणनाव एका पावावरून पडलंय, बाडेनचे ते पाव झुरिकचे श्रीमंत लोक मागवायचे), आणि आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची. सहाच वर्षं!

फक्त स्वित्झर्लंडच?

जर्मनीत वुपर्टाल म्हणून शहर आहे, तिथे १९०१ पासून उलटी ट्रेन चालते, म्हणजे रूळ वर आणि डबा खाली लटकलेला, आणि बराचसा रस्ता नदीच्या वरून. १९५० मध्ये एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी त्यात हत्तीचं पिल्लू चढवलं, टुफी नावाचं, ते बिचारं बिथरलं आणि डबा फोडून थेट नदीत पडलं. वाचलं, फार लागलंही नाही. त्याचा जो फोटो सगळीकडे फिरतो तो मात्र जोडून बनवलेला आहे. तर त्या ट्रेनमध्ये बसायचंय, बस.

पैशाचं काय?

नाहीयेत. प्लॅन असा आहे की मास्टर्सला जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी जवळपास नसते, पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात) दाखवावे लागतात. हा आकडा मी रुपयांत करून बाबांना सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज वाढवला. जर्मनचे क्लास चालू आहेत.

तिथे एकदा पोचले की महिन्याचं डॉइचलांडटिकेट आहे, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ झालंय, त्यात देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि साध्या रेल्वे सगळ्या येतात, फक्त लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या नाही. आणि ते तिकीट बाझेलमधल्या जर्मन स्टेशनपर्यंत चालतं! बाझेल स्वित्झर्लंडमध्ये आहे. गाड्या बदलत बदलत दिवस जाईल, जाऊ दे.

तिकडे सगळं छानच असतं असं वाटतं का?

छे. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि त्यांच्याकडे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात. स्विस लोक तर उशिरा आलेली जर्मन गाडी कधीकधी बाझेललाच थांबवतात आणि पुढे आपली गाडी सोडतात, की तुमच्यामुळे आमचं गणित नको बिघडायला. शिवाय स्विस तिकिटं भयंकर महाग. पाच रुपयांत लोकलचं तिकीट मिळणाऱ्या माणसाने तिकडच्या किमती रुपयांत करूच नयेत.

आपल्याकडे एकच गोष्ट बदलता आली तर?

रात्री दहानंतर स्टेशनबाहेरच्या शेवटच्या बसने गाडी आल्याशिवाय सुटायचं नाही. गाडी दहा मिनिटं लेट, तर बसही दहा मिनिटं थांबेल. ड्रायव्हरला इंडिकेटर दिसेल असा एक स्क्रीन लावा, झालं. याला ना खोदकाम लागतं, ना भूमिपूजन, बहुतेक म्हणूनच कोणी करत नसावं.