पुन्हा सगळं सांगायचं?

"मॅडम, आधीच सांगून ठेवतो. त्या रात्रीबद्दल विचारू नका. बाकी काहीही विचारा."

माझ्याकडे मानसोपचारासाठी आलेला तो बसता बसताच हे बोलला. वय पस्तिशीच्या आसपास. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सव्वा वर्षापूर्वी गाडी तो चालवत होता, समोरून ट्रक आला आणि शेजारी बसलेला धाकटा भाऊ जागीच गेला. तेव्हापासून याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. हॉर्न ऐकला की घाम फुटतो, पहाटे तीनला दचकून जाग येते. बायकोनं अक्षरशः ओढून आणलं होतं.

"खपली काढली तर रक्तच येणार ना?" हा त्याचा प्रश्न. आघातातून गेलेली बहुतेक माणसं तो या ना त्या शब्दांत विचारतातच, आणि त्यात चूक काही नाही. घटना घडल्या घडल्या सगळ्यांना बसवून बळेच बोलतं करण्याचे प्रयोग पूर्वी झाले. त्यांचा फायदा दिसला नाही. सुरुवातीचा त्रास पुष्कळांचा आपोआप ओसरतो. बलात्काराला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांच्या १९९२च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या दोनेक आठवड्यांत ९४ टक्के जणींमध्ये आघाताची लक्षणं होती, तीन महिन्यांनी ४७ टक्के जणींमध्ये. ज्यांचा त्रास अडकून राहतो, त्यांच्याकडे खोदून पाहिलं की बहुधा टाळणं सापडतं. रस्ता टाळायचा, फोटो टाळायचा, विषय टाळायचा. मग ती आठवण जुनी व्हायलाच तयार होत नाही.

पहिल्या दोन भेटी आम्ही त्या रात्रीकडे फिरकलोच नाही. झोप, श्वास, आणि घाबरायला झालं की पाय जमिनीला टेकवून खोलीतल्या वस्तू मोजणं, एवढंच. तिसऱ्या भेटीत तोच म्हणाला, "विचारा."

मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत डोळे मिटून घटना वर्तमानकाळात सांगायची असते, पुन्हा पुन्हा. भेट साधारण दीड तासाची, आणि अशा ८ ते १५ भेटी. सांगणं रेकॉर्ड करून घरी ऐकायचं. ऐकायला क्रूर वाटतं, मलाही शिकताना वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याची स्वप्नं वाढली. "तुम्हीच बिघडवलंत," असं फोनवर सुनावून त्याने पुढची भेट रद्द केली. असं होऊ शकतं आणि बहुतेकदा ते टिकत नाही, हे मी त्याला नीट बजावून सांगितलं नव्हतं. चूक माझी. तसं कबूल केल्यावर तो परत आला.

त्याच्या मनात एक वाक्य घट्ट बसलं होतं: "मला वेळ होता. मी गाडी वळवू शकलो असतो." पाचव्यांदा सांगताना तो ट्रकच्या दिव्यांपाशी आला आणि थांबला.

"काय होतंय आत्ता?"

"दिवे दिसतायत... आणि धडक." डोळे उघडून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मधे काहीच नाहीये, मॅडम. वर्षभर मी तिथे मिनिटं घालत बसलो होतो."

दुःख अर्थातच संपलं नाही. पण त्या दिवशी खूप रडला, भावासाठी. तोवर तो स्वतःला शिक्षा देण्यातच गुंतला होता.

गाडीकडे मात्र हळूच गेलो. आधी बंद गाडीत मागच्या सीटवर बसणं, मग पुढे, मग गल्लीतून एक फेरी. रात्री तो अजूनही चालवत नाही. त्याला घाई नाही, मलाही नाही.

अकराव्या भेटीला मी रेकॉर्डिंग लावायला हात पुढे केला, तर भाऊ पत्त्यांत कशी लबाडी करून जिंकायचा ते तो सांगायला लागला. नकलेसकट. मी हात मागे घेतला.