शासकीय कॉलेजात कमी फीत इंजिनिअर झालो, नोकरीला आठ वर्षं झाली. कॉलेजला पगाराच्या किती टक्के द्यावेत, आणि कसे?

प्रश्नाखाली नंदन नीलेकणींचं उदाहरण दिलंत म्हणून लिहितोय. २०२३ साली त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजला, आयआयटी मुंबईला, ३१५ कोटी दिले, आधीचे ८५ धरून ४०० कोटी. मोठंच काम. पण तिथे माजी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र डीन असतात, पैशाचं काय झालं ते विचारायला दार आहे. तुमच्या-माझ्या कॉलेजात पन्नास हजार दिले की त्यांच्या खुर्च्या होतात, आणि पाठीवर बॅचचं नाव.

मी मेकॅनिकलचा. मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाच्या लॅबमध्ये एक लॅब असिस्टंट होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. जर्नल सगळे एकमेकांचं उतरवायचे, सर सही ठोकायचे. मामा मात्र ८७ तुकड्यांची स्लिप गेजची (ठरलेल्या अचूक जाडीच्या ठोकळ्यांची) पेटी पुढ्यात ठेवून म्हणायचे, "३६.३७५ मिलिमीटर लाव." शेवटच्या आकड्यापासून सुरुवात: १.००५, मग १.३७, मग ४, मग ३०. तुकडे पुसायचे, एकावर एक आडवे ठेवून दाबत फिरवायचे. नीट बसले की चौघांचा एकच ठोकळा होतो. घामाचं बोट लागलेला तुकडा न पुसता पेटीत ठेवला की मामा सरळ लॅबबाहेर काढत.

पुढे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मुलाखतीला गेलो. मालकाने मार्कशीट उघडलीच नाही, मायक्रोमीटर हातात देऊन म्हणाला, हा जॉब (मशीनवर बनवलेला भाग) मोज. मी आधी झीरो एरर बघितला, म्हणजे काहीच न मोजता मायक्रोमीटर शून्य दाखवतो का ते. तेवढ्यावर नोकरी लागली. क्वालिटीतच राहिलो, आज चाकणला माझं छोटं इन्स्पेक्शन युनिट आहे.

बॅचने निधी जमवला तेव्हा मी म्हटलं, मामा रिटायर झाल्यापासून ती जागा रिकामी आहे, पेटी गंजतेय. पेटी दुरुस्त करून कॅलिब्रेट करू (मापं बरोबर आहेत का ते तपासून घेऊ), एका माणसाचं मानधन भरू. अमेरिकेतल्या मित्राचा ग्रुपवर मेसेज: "पगार देणं सरकारचं काम. आपण कायमस्वरूपी काहीतरी करू." कायमस्वरूपी म्हणजे एसी सेमिनार हॉल आणि बाहेर ग्रॅनाइटवर आमची नावं. (ग्रॅनाइट लॅबमधल्या मोजमापाच्या सपाट टेबलालाही लागतो, पण असो.) प्राचार्यांनाही तेच सोयीचं. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत चढवता येते, माणसाचा खर्च कुठल्याच हेडखाली बसत नाही. एसीचं बिल कोण भरणार, हे एकानेही विचारलं नाही. आता हॉल पाहुणे आले की उघडतो.

मी त्यात एक रुपया दिला नाही. त्याऐवजी तिसऱ्या वर्षाची चार-पाच पोरं शनिवारी युनिटवर येतात. बसभाडं, जेवण माझं. मित्र म्हणतो, तुला फुकटची माणसं मिळाली. गिऱ्हाइकाच्या जॉबला मी त्यांना हातही लावू देत नाही, स्क्रॅपमधले मोजायला देतो. फुकट जातो तो माझा शनिवार.

तुमचे टक्के? असा काही नियम नाही. घराचा हप्ता चालू असेल तर शून्य. कमी फीचं ओझं डोक्यावर घेऊ नका, ती करातून आली आणि कर तुम्ही भरताय. द्यायचंच असेल तर आधी लॅबमध्ये चक्कर मारा, काय बंद पडलंय ते असिस्टंटला विचारा (असला तर), आणि दरवर्षी लागणाऱ्या गोष्टींना द्या: कॅलिब्रेशन, लेथची टूल बिट, दुरुस्ती, मानधन. कॉलेजला माणूस नेमता येत नसेल तर नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघामार्फत काही जमतंय का ते बघा. सगळीच कॉलेजं आमच्यासारखी नसतात, आणि तुम्ही कॉम्प्युटरचे असाल तर माझं अर्धं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

करसवलतीच्या आशेने देत असाल तर नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतही रोख २,०००च्या वर दिले तर नाही. बँकेतून द्या आणि पावतीवर कशासाठी दिले ते लिहून घ्या. मित्र इथलं वाचतो. हॉलचं वीजबिल सध्या कोण भरतं, हे त्याने खाली लिहावं.