'माझ्याकडे गाडी आहे' हे फिनिशमध्ये: आधी इंग्रजी बाजूला ठेवा

'मिनुल्ला ओन आउतो' म्हणजे 'माझ्याकडे गाडी आहे', तर मग यात 'मी' गेला कुठे, 'मिनुन आउतो' त्याहून वेगळं कसं आणि पंधरा विभक्ती पाठ कशा करायच्या, असं तुम्ही विचारलंय.

मराठी वाक्यात तरी 'मी' कुठे आहे? तिथेही 'माझ्याकडे' आहे आणि 'आहे' गाडीचं आहे. तुमचा कोर्स इंग्रजीतून चालतो आणि इंग्रजीत 'हॅव' आहे, म्हणून हे विचित्र वाटतं. फिनिशमध्ये असं क्रियापद नाही, आपल्याकडेही नाही. 'मिनु'ला 'ल्ला' लावलं की झालं 'माझ्याकडे'. मालक कोणीही असो, 'ओन' बदलत नाही: 'सिनुल्ला ओन' (तुझ्याकडे), 'हेइल्लॅ ओन' (त्यांच्याकडे). उलट इथे फिनिश आपल्यापेक्षा सोपी. आपण गाडी 'माझ्याकडे' म्हणतो, पण भूक आणि घाई 'मला'. त्यांचं सगळं एकाच 'ल्ला'वर भागतं: 'मिनुल्ला ओन नॅल्कॅ' (मला भूक लागलीय), 'मिनुल्ला ओन कीरे' (मला घाई आहे).

निर्जीव वस्तूंचं मात्र वेगळं. 'गाडीला चार दारं आहेत' हे 'आउतोस्सा ओन नेल्यॅ ओवेआ' होतं, म्हणजे 'स्सा', 'आत'चा प्रत्यय. 'आउतोल्ला' म्हटलंत तर ऐकणारा 'गाडीने' असं समजेल.

'मिनुन आउतो' ही सरळ आपली षष्ठी, 'माझी गाडी'. प्रत्यय 'न'. पेक्काची गाडी म्हणजे 'पेकान आउतो'. एक 'क' गळाला. याला घाबरू नका, सामान्यरूप आपण लहानपणापासून करतोच: घोडा, घोड्याचा. तसंच हेल्सिंकी, पण हेल्सिंगिस्सॅ (हेल्सिंकीत). पुस्तकात 'मिनुन आउतोनि' असं शेवटी 'नि' लावलेलं दिसेल. बोलताना लोक तो टाकून देतात आणि 'मुन आउतो' म्हणतात.

तिसऱ्या पुरुषात हा शेवटचा प्रत्यय खरं काम करतो, आणि इंग्रजीतून शिकणारे नेमके इथेच गोंधळतात. 'हॅन पेसे आउतोन्सा' म्हणजे तो आपली गाडी धुतो. 'हॅन पेसे हॅनेन आउतोन्सा' म्हणजे तो त्याची, दुसऱ्या कोणाची तरी, गाडी धुतो. 'आपली' आणि 'त्याची' यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. ('हॅन' म्हणजे 'तो'ही आणि 'ती'ही.)

आता जिथे मराठी हात देत नाही ते. 'माझ्याकडे गाडी नाही' यात आपली गाडी जशीच्या तशी राहते. फिनिशमध्ये ती बदलते: 'मिनुल्ला एइ ओले आउतोआ'. ही पार्टिटिव्ह विभक्ती, आणि सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या. नकार आला की ही. दोन किंवा जास्त संख्या आली की हीच, तीही एकवचनात: 'काक्सि आउतोआ', दोन गाड्या. मोजता न येणाऱ्या गोष्टीचा थोडा भाग असला तरी हीच: 'युओन काह्विआ', मी कॉफी पितोय. काम अर्धवट असलं तरीही हीच. 'लुइन किर्याआ' म्हणजे पुस्तक वाचत होतो, 'लुइन किर्यान' म्हणजे वाचून काढलं. जो अर्थ आपण क्रियापदातून सांगतो, तो इथे पुस्तकाच्या शेपटीत असतो.

पंधराच्या आकड्याने दबून जाऊ नका. त्यातल्या सहा नुसत्या जागेच्या आहेत, आत आणि वर अशा तीन-तीन: तालोस्सा (घरात), तालोस्ता (घरातून), तालोओन (घरात जाताना), तसंच ल्ला, ल्ता, ल्ले. आपल्या 'त, तून' आणि 'वर, वरून'सारखं. गावांची नावं तेवढी पाठच करा. तुर्कूला 'तुरुस्सा', पण ताम्पेरेला 'ताम्पेरेल्ला' आणि वान्ताला 'वान्ताआल्ला'. यामागचा नियम शोधत बसण्यात वेळ घालवू नका. शेवटच्या दोन-तीन विभक्ती बहुतेक ठरावीक शब्दप्रयोगांत किंवा लेखी भाषेत येतात, त्या दिसतील तेव्हा बघू.

सध्या रोज घरातल्या चार वस्तू घ्या आणि प्रत्येकीचं 'आहे' आणि 'नाही' मोठ्याने म्हणा. 'नाही' म्हणताना वस्तूचा शेवट बदलला का, एवढंच तपासा. 'मुन' बोलताना बिनधास्त वापरा, अर्ज किंवा औपचारिक ईमेल लिहिताना मात्र 'नि' लावा.